ब्रेकमधली हवा

मिस्त्रीणबाईंना कशाकशाची भीती वाटत नव्हती हे सांगणं सोपं, कारण ती यादी फारच छोटी होती. पालीला त्या घाबरत, विजेच्या बटणाला घाबरत, भरदुपारी दाराची कडी वाजली तर घाबरत, आणि वाजली नाही तर आज कोणीच कसं आलं नाही म्हणून घाबरत. फोन वाजला की आधी त्यांच्या पोटात गोळा यायचा आणि मगच तोंडातून 'हॅलो' निघायचं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. मिस्त्रीणबाईंच्या पाठी तो इतकी वर्षं होता की आता घरातलाच झाला होता.

गाड्यांची मात्र त्यांना भीती नव्हती. नवऱ्याचं गॅरेज घराला लागूनच. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून तीन पायऱ्या उतरल्या की पाय थेट गॅरेजच्या फरशीवर. लग्नाला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा मिस्त्रींनी त्या दारातून डोकं आत घालून म्हटलं होतं, "जरा ये गं. पाय दे." बाई बिचकल्याच. नव्या नवरीकडे हात मागणारे ऐकले होते, पाय मागणारा हा पहिलाच.

काम साधं होतं. ब्रेकच्या नळ्यांमध्ये तेल असतं. त्या तेलात हवेचा बुडबुडा शिरला की पेडल मऊ पडतं, आणि वरून लावलेला जोर चाकापर्यंत पोचतच नाही, मधल्यामध्ये हवाच तो खाऊन टाकते. ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली, चाकामागचं बारकं निपल, म्हणजे हवा सोडायचा तोटीसारखा स्क्रू, पान्याने उघडायला. दुसरं वर, पेडल दाबायला. मिस्त्री खालून म्हणायचे, "दाब." बाई दाबायच्या. "धर." बाई धरून बसायच्या. मग खाली निपल उघडायचं, तेल आणि हवा फुसफुसत बाहेर पडायची, पेडल पायाखालून हळूच जमिनीला जायचं, निपल बंद व्हायचं आणि मगच तिसरा हुकूम यायचा, "सोड." त्याच्या आधी पाय उचलला तर हवा बाहेर जायच्या ऐवजी उलटी आत ओढली जाते आणि केलेलं सगळं मुसळ केरात.

पहिल्या वर्षी तसं झालंही होतं. मिस्त्री खालून म्हणाले, "सोडलं." म्हणजे त्यांनी निपल सोडलं होतं. बाईंना ऐकू आलं 'सोड', आणि त्यांनी इमानेइतबारे पाय उचलला. चारही चाकं पुन्हा करावी लागली. त्या दिवशी मिस्त्रींनी कानाला खडा लावला. 'सोडलं' हा शब्द गॅरेजातून हद्दपार झाला. निपल उघडलं की ते पान्याने चाकाच्या कडेवर एकदा ठोकायचे, टण्ण, आणि बाई समजायच्या. पुढे चौतीस वर्षं तो शब्द तिथे कोणी काढला नाही. लेकीने पहिली नोकरी सोडली तेव्हा बाईंनी गॅरेजात येऊन सांगितलं, "तिने नोकरी बंद केली हो."

अशा रीतीने गावातल्या निम्म्या गाड्या मिस्त्रीणबाईंच्या उजव्या पायावर थांबत होत्या. त्या गाड्यांच्या मालकांना हे माहीत नव्हतं, आणि बाईंनीही त्याचा कधी फार विचार केला नव्हता. त्यांना घाबरायला दुसऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या.

मिस्त्रींची स्वतःची अशी गाडी एकच. बाईंच्या लग्नाहून जुनी, गोल दिव्यांची, बाकासारख्या लांब सीटची, गडद हिरवी. एका डॉक्टरांच्या मागच्या अंगणात ती पडून होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मिस्त्रींनी ती ओढून आणली आणि अकरा वर्षं तिला जोडत बसले. आता दर रविवारी सकाळी लेक नातीला घेऊन येई, मिस्त्री नातीला शेजारी बसवत, आणि गाडी घरासमोरच्या उतारावरून खाली कालव्याच्या पुलापर्यंत जाऊन परत येई. उतार फार लांब नव्हता, पण सरळसोट होता. खाली रस्ता वळतो तिथे पुलाचा कठडा आहे, माणसाच्या गुडघ्याएवढा.

गुरुवारी दुपारी मिस्त्रींनी दारातून डोकं घातलं. "हिरवीचं पेडल मऊ लागतंय. पाय दे."

बाई हात पुसत गेल्या आणि सीटवर बसल्या. मिस्त्री मागच्या डाव्या चाकाखाली सरकले. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची हा नेम.

"दाब."

बाईंनी दाबलं. आता 'धर' यायला हवं होतं, ते आलं नाही. त्यांनी आपण होऊनच धरून ठेवलं. मग 'टण्ण' यायला हवं होतं, तेही आलं नाही. रस्त्यावरून एक सायकल गेली. समोरच्या पंक्चरवाल्याचा हवेचा पंप सुरू झाला आणि बंद झाला. बाईंचा गुडघा थरथरायला लागला.

"अहो?"

खालून काहीच नाही. मग आवाज आला. आवाज मिस्त्रींचाच होता, पण अनोळखी माणसाला दाराच्या फटीतून विचारावं तसा.

"वर कोण आहे?"

बाईंना वाटलं, थट्टा. मिस्त्री थट्टेखोर होतेच. "कोण असणार?" त्या म्हणाल्या. "तुमची सासू!"

खालून हसू आलं नाही.

"सोडलं," मिस्त्री म्हणाले.

पाय धरून ठेवायचा की उचलायचा? निपल सोडलं म्हणताहेत, की पाय सोड म्हणताहेत? पेडल आपसूक जमिनीकडे चाललं होतं. "सोडलं, सोडलं," खालून पुन्हा आलं, आता जरा घाईने, आणि बाईंनी पाय उचलला. पेडल वर येताना तळव्याला जे लागलं ते त्यांना नीट माहीत होतं. हवा आत गेली होती.

मिस्त्री बाहेर आले, चिंधीला हात पुसले आणि म्हणाले, "चला, झालं. चारही चाकं झाली."

"अहो, एकच तर..."

"चारही झाली म्हणतो ना!" असा आवाज त्यांनी बाईंवर कधी चढवला नव्हता. "चौतीस वर्षं नुसता पाय देतेस आणि मला शिकवतेस?" आणि ते पायऱ्या चढून आत गेले.

बाईंनी पेडल परत दाबून पाहिलं. लोण्यात बोट जावं तसं ते जमिनीला टेकलं. गेल्या महिन्यात मिस्त्रींनी एकाच गाडीचा रेडिएटर एका सकाळी दोनदा धुतला होता, ते बाईंनी वयावर घातलं होतं. नातीला लेकीच्या नावाने हाक मारली होती, ते तर सगळेच आजोबा करतात. पण 'वर कोण आहे' हे कशावर घालायचं ते त्यांना सुचेना.

ती रात्र त्यांनी डोळे मिटून जागून काढली आणि शुक्रवारी दिवसभर विचार केला. लेकीला सांगावं? लेक शाळेत शिकवते, तिला सगळ्या गोष्टींची ताबडतोब व्यवस्था लावायची सवय. रविवारी नात यायची बंद होईल, मग डॉक्टर, मग तपासण्या, मग गॅरेजला कुलूप. कुलूप लावलेल्या गॅरेजसमोर बसलेले मिस्त्री बाईंच्या डोळ्यांपुढे आले आणि त्यांनी तो विचार तिथेच टाकला. किल्ली लपवावी? मिस्त्री घर डोक्यावर घेतील, आणि किल्ली का लपवली याचं उत्तर द्यावं लागेल. पंक्चरवाल्याला ब्रेक करायला सांगावं, तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीभर होईल की मिस्त्रींचा हात गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ झाकलेली ठेवायची तर रविवारच्या आत ब्रेक घट्ट व्हायला हवे होते. नात त्या गाडीत बसणार होती.

राहता राहिलं एकच. आपला हात जगन्नाथ.

एकट्याने हवा काढता येते, हे त्यांना ठाऊक होतं. लेक झाली तेव्हा त्या दवाखान्यात होत्या आणि मिस्त्रींना एक गाडी तातडीने द्यायची होती. घरी आल्यावर मिस्त्रींनी मोठ्या कौतुकाने दाखवलं होतं: एक पारदर्शक नळी, एक काचेची बाटली, बाटलीत चार बोटं ब्रेक ऑइल. नळीचं एक टोक निपलवर बसवायचं, दुसरं बाटलीतल्या तेलात बुडवायचं. मग कितीही वेळा दाबा आणि सोडा, हवा बाहेर जाते, आणि उलटं ओढलं गेलंच तर तेल ओढलं जातं, हवा नाही. "बघ," ते म्हणाले होते, "तुझ्या पायावाचून काही अडत नाही माझं." ते वाक्य बाईंना महिनाभर लागून राहिलं होतं. म्हणूनच बाटली इतकी चांगली लक्षात होती.

शनिवारी मिस्त्री दहाला बाहेर पडत. न्हाव्याकडे दाढी, मग एका जुन्या दोस्ताबरोबर भंगारबाजारात फेरी, आणि साडेबाराला जेवायला घरी. अडीच तास. दहा वाजून पाच मिनिटांनी बाईंनी मिस्त्रींची जुनी डांगरी अंगात चढवली, पायांत त्यांचे बूट घातले, केस फडक्याने बांधले आणि गॅरेजचा रस्त्याकडचा दरवाजा लोटून घेतला. आरशात बघायचं त्यांनी टाळलं.

चाकांना लाकडी ठोकळे लावले. जॅक लावला. गाडी उचलली गेली तसा त्यांचा जीवही उचलला गेला आणि घशात येऊन बसला. खाली लोखंडी स्टँड सरकवले, मिस्त्री हलवत तशी गाडी तीनदा हलवून पाहिली, आणि भीतीपोटी चौथ्यांदाही हलवली. मग त्या पाठीवर झोपल्या आणि आत सरकल्या.

खालून गाडी ही वेगळीच गोष्ट होती. चौतीस वर्षं त्या तिच्या मऊ बाजूला बसल्या होत्या. इथे सगळं काळं, तेलकट, धारदार आणि नाकापासून चार बोटांवर. ही आत्ता खाली आली तर, असा विचार आला. तो गेला नाही, म्हणून बाईंनी त्याला तसाच बरोबर घेतला आणि पाना लावला. निपल कुरकुरलं आणि फिरलं. नळी बसली. बाटली चाकाशेजारी उभी केली, मग सरपटत बाहेर, सीटवर, पेडल सावकाश खाली, सावकाश वर, पुन्हा खाली उतरून बाटलीत डोकावायचं. नळीतून बुडबुड्यांची माळच्या माळ चालली होती. "दाब," बाई पुटपुटल्या. "धर. सोड." कोणीतरी म्हणायला हवंच होतं.

एक चाक झालं. दुसरंही झालं. बाईंना थोडी हुशारी वाटायला लागली, आणि हीच ती घातक वेळ असते. तिसऱ्या चाकाला त्या मोजून दहा वेळा पेडल दाबत होत्या, तोच बॉनेटखालून आवाज आला: सुर्रर्र. गूळपाणी संपल्यावर पेल्यात शेवटचा घोट ओढावा तसा.

बॉनेटखालची ब्रेक ऑइलची डबी रिकामी झाली होती. दर चाकानंतर वरून तेल भरायचं, हे शेंबडं पोरही सांगेल, आणि तेच त्या विसरल्या होत्या. आता वरूनच हवा शिरली होती. पहिलं चाक, दुसरं चाक, सगळं वाया. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. बाई फरशीवर बसल्या आणि क्षणभर त्यांना वाटलं, डांगरी काढावी, हात धुवावेत, भाजी चिरायला घ्यावी आणि काय व्हायचं ते होऊ द्यावं. मग त्यांनी डबी काठोकाठ भरली आणि पुन्हा मागच्या डाव्या चाकाकडे सरपटल्या.

मागच्या उजव्या चाकाखाली त्या असताना दरवाजा करकरला.

"मिस्त्री!"

पंक्चरवाला. बाईंची पाचावर धारण बसली. बाहेर फक्त त्यांचे बूट दिसत होते, म्हणजे मिस्त्रींचे बूट. वाकून बघितलं तर संपलंच. त्यांनी हातातल्या पान्याने चाकाच्या कडेवर ठोकलं. टण्ण.

"असू द्या, असू द्या, कामात आहात, उठू नका," पंक्चरवाला दारातूनच म्हणाला. मग त्याने आवाज खाली आणला. "वहिनी आत आहेत ना? एवढंच विचारायला आलो. मंगळवारनंतर परत तसं काही झालं नाही ना?"

काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. टण्ण.

"बरं झालं. नाही, जीव टांगणीला लागला होता माझा. माझ्या दुकानात उभं राहून मलाच विचारता, मिस्त्रींचं गॅरेज कुठं आहे म्हणून! समोर बोर्ड दिसतोय, आणि तुमच्या डोळ्यांत पाणी. आईशप्पथ सांगतो, माझंच धाबं दणाणलं. मी काही बोललो नाही हं कोणाला. तुम्ही म्हणालात बायकोला कळू देऊ नको, ती आधीच घाबरट, जीव टाकेल, तर मी माझ्या बायकोलाही सांगितलं नाही. पण मिस्त्री, एकदा डॉक्टरला दाखवा. राग मानू नका."

टण्ण, बाईंनी केलं. दरवाजा परत करकरला.

बाई तशाच पडून राहिल्या. निपलाशी जमलेला तेलाचा एक थेंब त्यांच्या मानेवर पडला, चुरचुरला, त्यांनी पुसला नाही. मिस्त्रींना माहीत होतं. मंगळवारपासून, कदाचित त्याच्याही आधीपासून. माहीत असून ते गुरुवारी गाडीखाली शिरले, आणि वर कोण आहे हे कळेना तेव्हा तिथे काळोखात एकटेच पडून राहिले. बाहेर येऊन ओरडले ते रागाने नव्हे. या घरात घाबरण्याचं खातं आपल्याकडे आहे, असं बाई आजवर धरून चालल्या होत्या. दुसऱ्या कोणाला भीती वाटत असेल आणि तो ती आपल्यापासून लपवत असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्यांना रडू फुटलं. पाठीवर पडून रडलं की पाणी कानात जातं, म्हणून त्यांनी ते आवरतं घेतलं.

शेवटचं चाक पुढचं उजवं. त्याचं निपल हलेना. पाना लावला, जोर केला, काही नाही. जास्त जोर केला तर जुनं निपल मुंडीपासून तुटतं, हे त्या मिस्त्रींच्या शिव्यांतून शिकल्या होत्या. तुटलं तर ब्रेक नाहीत, गाडी नाही, आणि लपवायलाही काही उरणार नाही. बारा वाजून पाच. त्यांनी गंजावर मारायचं तेल सोडलं, हातोडीने टिचक्या मारल्यासारखं ठोकलं, थांबल्या, परत ठोकलं. मिस्त्री अशा वेळी निपलाशी गोड बोलत, हे त्यांना आठवलं. "बाळा," बाई म्हणाल्या, "एवढं ऐक माझं." पाना एकदम सुटल्यासारखा वाटला आणि काहीतरी 'कट' वाजलं. बाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा निपल फिरलं होतं, शाबूत होतं, आणि नळीतून बुडबुडे निघत होते.

साडेबाराला मिस्त्री आले, तेव्हा गाडी जमिनीवर होती आणि बाई मोरीत तिसऱ्यांदा हात धूत होत्या. मिस्त्री आधी गॅरेजात गेले. बाईंनी नळ बंद करून कान दिला. गाडीचं दार उघडलं. पेडल दोनदा दाबलं गेलं. मग ते पायऱ्या चढून आले.

"दगडासारखं पेडल आहे," ते म्हणाले. "म्हटलं होतं ना, चारही झाली?"

"हो," बाई म्हणाल्या.

दोघं जेवायला बसले. अळीमिळी गुपचिळी. मिस्त्रींचे गाल ताज्या दाढीने गुळगुळीत होते, आणि एका कानाच्या पाळीमागे थोडा साबण राहिला होता. बाईंनी तो पदराने पुसला.

रविवारी लेक आली. नात अंगणातूनच ओरडत गाडीकडे पळाली आणि पुढचं दार उघडून बसलीसुद्धा. मिस्त्रींनी टोपी घातली. आणि तेव्हा कुठे बाईंच्या ध्यानात आलं. काल सकाळभर त्यांनी जे घट्ट केलं होतं ते ब्रेक होते. ब्रेक पायाची वाट बघत बसतात. पाय मिस्त्रींचा होता.

सांगावं, आत्ता सांगावं, असं मनात आलं. लेक समोर होती, दोन शब्दांचं काम होतं. पण ते जमलं नाही. बाईंना जे जमलं ते त्यांनी केलं. त्या गाडीपाशी गेल्या आणि नातीला म्हणाल्या, "उतर गं. आधी आजी जाणार."

"तू?" लेक हसली. "आई, तू कधी बसलीस फेरीला?"

"आज बसते."

नात फुरंगटून उतरली. मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली.

सुरुवात छान झाली. क्लच, गिअर, आरसा, सगळं हातपायांनीच आपापलं केलं, डोक्याला विचारलंही नाही. गाडी उतारावर आली. बाईंनी दोन्ही हातांनी सीटची कड धरली होती. निम्मा उतार गेला, घरं मागे जायला लागली, आणि आता वेग आवरायची वेळ झाली हे गाडी न चालवणाऱ्या बाईंनाही कळलं. मिस्त्रींचा पाय उचलला गेला आणि हवेत थांबला.

"कुठला?" मिस्त्री म्हणाले.

अगदी हळू म्हणाले, बाजारात भाव विचारावा तसं. ते रस्त्याकडे बघत नव्हते, खाली आपल्या पायांकडे बघत होते. कठडा पुढून येत होता.

गाडी चालवण्यातलं बाईंना काही कळत नव्हतं. गिअर कळत नव्हता, क्लच कळत नव्हता. एकच पेडल कळत होतं.

"मधला," त्या म्हणाल्या. "मधला दाबा. दाबा!"

मिस्त्रींनी दाबला. आवाज ओळखीचा होता म्हणून असेल, हुकूम होता म्हणून असेल, पण पाय सरळ तिथेच गेला. चारही चाकांनी एकदम रस्ता धरला. बाई डॅशबोर्डवर आपटल्या, इंजिन आचका देऊन बंद पडलं, गाडी जागच्या जागी थांबली. कठडा अजून वीसेक पावलं लांब होता. बाईंनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, तो वर आला त्याच्याही पुढे ओढत राहिल्या.

कालव्याचं पाणी वाहत होतं आणि पुलावर एक कुत्रं अंग चाटत होतं.

"हे ब्रेक मी केलेले नाहीत," मिस्त्री म्हणाले. "इतकं चांगलं माझ्या हातून आता होत नाही. कोणाकडून करून घेतलेस?"

"मी केले."

"पाय कोणी दिला?"

"कोणी नाही. बाटली लावली."

मिस्त्री वळले. "पुढच्या उजव्याचं निपल?"

"फिरलं. गोड बोलावं लागलं."

त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला, आणि मग सगळा चेहराच हलला. "तुला कधी कळलं?"

"गुरुवारी. तुम्ही विचारलंत, वर कोण आहे."

"मला खरंच आठवत नव्हतं गं," मिस्त्री म्हणाले. "वरून बाईमाणसाचा आवाज आला. मला वाटलं, ओळख न विचारता बोललो तर वाईट दिसेल." त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. "मला फार भीती वाटते. तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

"घाबरलेच आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोलला नाहीत म्हणून काय कमी घाबरले?"

मागून पावलं वाजली. लेक आणि नात उतारावरून धावत येत होत्या, नात पुढे. बाईंनी दार उघडलं, दुसऱ्या बाजूला गेल्या आणि मिस्त्रींचं दार उघडलं. हाताला धरून त्यांना उतरवलं. मिस्त्रींनी आत वाकून किल्ली काढली, क्षणभर हातात धरली आणि बाईंच्या हातावर ठेवली.

"आजोबा, गाडी बिघडली?" नात धापा टाकत म्हणाली.

"गाडीला काही झालेलं नाही," मिस्त्री म्हणाले. "गाडी ठणठणीत आहे. मी बिघडलोय."

लेक हसली. बाबा असेच बोलतात, लहानपणापासून. मग तिचं लक्ष आईच्या मुठीतल्या किल्लीकडे गेलं, आणि तिथून आईच्या तोंडाकडे.

"आई? काय म्हणताहेत हे?"

दार वाजलं की घाबरणाऱ्या, फोनला 'हॅलो' म्हणतानाही बिचकणाऱ्या मिस्त्रीणबाई. त्यांनी मिस्त्रींचा हात सोडला नाही.

"खरं आहे ते," त्या म्हणाल्या. "घरी चल, सगळं सांगते."